पहिल्या पानाचा मान

भोरहून महाडकडे निघालं की नीरा देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबतीला असतं. त्या पाण्याच्या कडेनं, डोंगराच्या घड्यांत बसलेल्या वाड्यावस्त्यांमधून रस्ता हिर्डोशीवरून वरंध घाटाकडे जातो. पावसाळ्यात इथं समोरचं माणूस दिसत नाही, आणि उन्हाळ्यात धरण उशाला असून हंडा डोक्यावर असतो. हा जुना हिरडस मावळ, बांदल देशमुखांचा मुलूख. शेजारी रोहिड खोरं. तिथं कारीचे जेधे आणि उत्रौलीचे खोपडे. सतराव्या शतकात या घराण्यांमध्ये हद्दीवरून, वतनावरून आणि मानावरून जे चालायचं, ते पाहिलं की आजच्या तालुक्याच्या राजकारणाचं फारसं नवल वाटत नाही.

शिवाजीमहाराजांनी मावळ एकत्र केला असं आपण एका वाक्यात म्हणून टाकतो. ते एका वाक्यात झालं नव्हतं. बांदल सुरुवातीला विरोधात होते. कृष्णाजी बांदलांशी महाराजांचा उघड संघर्ष झाला. त्याच बांदलांचे देशपांडे, म्हणजे कारभारी, बाजीप्रभू. शिंद गावचे. संघर्षात हरलेल्या बाजूचा हा माणूस आणि त्याच बाजूचे मावळे काही वर्षांनी, १६६० च्या जुलैमध्ये, घोडखिंडीत महाराजांसाठी उभे राहिले. त्याच्या आदल्या वर्षी अफजलखान आला तेव्हा कान्होजी जेध्यांना आदिलशाहीचं फर्मान आलं होतं: खानाला मिळा, नाहीतर वतन जाईल. कान्होजींनी मुलांना घेऊन महाराजांकडे येऊन वतनावर पाणी सोडलं. त्यांच्याच खोऱ्यातले खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेले.

खान मारला गेल्यावर खोपडे अडचणीत आले आणि रदबदलीसाठी कान्होजींकडेच गेले. कान्होजींनी शब्द टाकला, जीव वाचला. पण उजवा हात आणि डावा पाय तोडण्याची शिक्षा झालीच. (आज पक्षविरोधी कारवायांसाठी सहा वर्षांची हकालपट्टी होते आणि ती पुष्कळदा सहा महिनेही टिकत नाही. काळ सौम्य झाला आहे, हे मान्य करायला हवं.)

मला या सगळ्यात जास्त मोलाची वाटते ती घोडखिंडीनंतरची गोष्ट. तरवारीच्या पहिल्या पानाचा मान, म्हणजे दरबारात सर्वांत आधी मान घेण्याचा हक्क, जेध्यांकडे होता. बांदलांच्या माणसांनी खिंडीत जे केलं, त्यानंतर तो मान बांदलांना देण्यात आला. जेध्यांनी स्वतःचं पान सोडलं. कोणासाठी? ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या पटत नव्हतं, त्या शेजाऱ्यासाठी. यात जमीन गेली नाही, गाव गेलं नाही, एक होनही खर्च झाला नाही. गेला तो फक्त क्रम. पण मावळात क्रम म्हणजे काय हे ज्यानं एकदा जत्रेत पालखीला खांदा कोणी आधी द्यायचा यावरून झालेलं भांडण पाहिलं आहे, त्याला समजेल.

पक्षांतर्गत लढत संपल्यावर पक्ष पुन्हा एक कसा होतो, या प्रश्नाकडे या खोऱ्यातून पाहावं असं वाटतं ते यासाठी.

आपल्याकडे पक्षांतर्गत लढत म्हणजे तिकिटाची लढत. अमेरिकेत तिला मतदान असतं: पक्षाचे मतदार आधी उमेदवार निवडतात, मग खरी निवडणूक. आपल्याकडे ती लढत मतपेटीत होत नाही. ती निरीक्षकांच्या दौऱ्यात, सर्वेक्षणाच्या कुजबुजीत, मुंबईच्या बंगल्याबाहेरच्या गाड्यांच्या रांगेत होते. निकाल लागतो तो एबी फॉर्मनं. ‘ए’ फॉर्मवर पक्षातर्फे उमेदवार ठरवायचा अधिकार कोणाला हे असतं, ‘बी’ फॉर्मवर उमेदवाराचं नाव. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला पाहिजे. पोचला तर मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. नाही पोचला तर तुम्ही अपक्ष, आणि दहा सूचक लागतात. म्हणून शहाणा इच्छुक दोन अर्ज भरतो. एक पक्षाचा, दहा सह्यांचा दुसरा. दुसरा अर्ज म्हणजेच बंडखोरीचं बी.

त्यानंतर माघारीच्या मुदतीपर्यंतचे दिवस. २०२४ च्या विधानसभेला अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती आणि माघारीची ४ नोव्हेंबर. मधे अख्खी दिवाळी. ३ नोव्हेंबरला भाऊबीज. त्या आठवड्यात राज्यभर किती नेते किती नाराजांच्या घरी फराळाला गेले असतील त्याची मोजदाद कोणी केली नाही, पण चकली कधी इतकी राजकीय झाली नव्हती. ४ तारखेला दुपारी ३ वाजता दार बंद होतं. त्यानंतर बंडखोराचं मन वळलं तरी त्याचं नाव यंत्रावर राहतंच. तो फार तर पाठिंब्याचं पत्रक काढू शकतो. आणि आपल्या माणसानं माघार घेतली ही बातमी पोचायच्या आत दुर्गम वस्तीवरची म्हातारी त्याचंच बटण दाबून घरी आलेली असते.

त्या दुपारी बोरिवलीत भाजपचे गोपाळ शेट्टी यांनी अर्ज मागे घेतला. दोन वेळा खासदार. लोकसभेला त्यांच्या जागी पीयूष गोयल आले, विधानसभेला संजय उपाध्याय. दोन्ही वेळा बाहेरचा उमेदवार लादला, ही त्यांची तक्रार होती. त्यांची समजूत निघाली, उपाध्याय निवडून आले. कोल्हापूर उत्तरमध्ये उलटं झालं. काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांचं नाव जाहीर केलं, पक्षातूनच विरोध झाला म्हणून ते बदलून मधुरिमाराजे छत्रपतींना उमेदवारी दिली. लाटकर अपक्ष म्हणून ठाम राहिले. शेवटच्या घटकेला मधुरिमाराजेंनीच माघार घेतली. पक्षाचं हाताचं चिन्ह त्या मतदारसंघातून गायब झालं आणि ज्याला डावललं त्याच अपक्षाच्या मागं पक्षाला उभं राहावं लागलं. निवडून आले शिंदे यांच्या शिवसेनेचे राजेश क्षीरसागर. उमेदवारी दोनदा जाहीर होते तेव्हा ती दोघांचाही अपमान करते.

आता या पद्धतीतली खरी गोम. मतदान झालेलंच नसल्यामुळे हरलेल्याकडे आकडा नसतो. मी ४० मतांनी हरलो, असं तो गावात जाऊन सांगू शकत नाही. त्याला सांगावं लागतं की मला डावललं. हरणं पचतं, डावललं जाणं पचत नाही. ‘डावलणे’ हा शब्द आपल्या राजकारणात इतका खपतो त्याचं कारण हेच असावं: तिथं प्रतिस्पर्धी नसतो, फक्त वरचा एक अदृश्य हात असतो.

मग मतदानच घ्यावं, हा उपाय सोपा दिसतो. तो करून पाहिला गेला आहे, आणि आपल्याच राज्यात. २०१४ च्या लोकसभेच्या वेळी राहुल गांधींच्या आग्रहानं काँग्रेसनं देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पक्षाच्या पदाधिकाऱ्यांकडून मतदान घेऊन उमेदवार ठरवले. महाराष्ट्रात त्यात लातूर आणि वर्धा होते. वर्ध्यात दोन मोठी घराणी समोरासमोर आली: तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे, आणि प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस. सागर मेघे जिंकले. लोकसभेला मात्र भाजपचे रामदास तडस त्यांच्यापेक्षा २ लाख १५ हजारांहून अधिक मतांनी पुढं राहिले. लातूरमध्येही अंतर्गत मतदानातून आलेले दत्तात्रय बनसोडे पडले.

त्या वर्षी मोदींची लाट होती, त्यामुळे पराभवाचा सगळा दोष त्या प्रयोगावर टाकणं अन्यायाचं होईल. पण पुढं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. अंतर्गत मतदान जिंकलेलं मेघे घराणं काही महिन्यांतच भाजपमध्ये गेलं. हरलेल्या टोकस पक्षात राहिल्या. २०१९ ला वर्ध्याची उमेदवारी त्यांना मिळाली, त्याही तडसांकडून हरल्या. म्हणजे जिंकलेला गेला आणि हरलेली राहिली! मतमोजणीनं उमेदवार ठरतो. पक्षात कोण किती रुजलं आहे हे ती सांगत नाही. शिवाय मतदार होते पक्षाचे पदाधिकारी, आणि पदाधिकारी कोणी नेमले याचा हिशेब आधीच झालेला असतो. अमेरिकेतल्या प्राथमिक लढतीत लाखो साधे मतदार उतरतात, हा फरक लहान नाही.

पक्षांतर्गत मतमोजणीचा कडवट अनुभव काँग्रेसला त्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तिथं आपल्याला पुन्हा भोरला यावं लागतं. शंकरराव देव मूळचे भोरचे. गांधीवादी, सासवडच्या आश्रमातले, संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष. देशाच्या राजकारणात गाजलेल्या काँग्रेस अध्यक्षपदाच्या दोन लढतींत हा माणूस आत होता, एकदा बाजू घेणारा म्हणून आणि एकदा उमेदवार म्हणून.

पहिली लढत १९३९ ची. सुभाषबाबूंना दुसऱ्यांदा अध्यक्ष व्हायचं होतं. कार्यकारिणीतल्या सात जणांनी जाहीर पत्रक काढून त्यांना फेरविचार करायला सांगितलं: अध्यक्ष आजवर एकमतानं होत आले आहेत, ती रीत मोडू नका, पट्टाभी सीतारामय्यांना बिनविरोध होऊ द्या. सह्या करणाऱ्यांत सरदार पटेल, राजेंद्रप्रसाद, कृपलानी होते आणि शंकरराव देवही. सुभाषबाबू मागं हटले नाहीत. मतं पडली: १५८० विरुद्ध १३७७. इतका स्वच्छ आकडा. तरीही पक्ष जुळला नाही. कार्यकारिणीतल्या बहुसंख्य सदस्यांनी राजीनामे दिले, त्रिपुरी अधिवेशनात अध्यक्षाचे हात बांधणारा ठराव झाला, एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी पद सोडलं आणि मेमध्ये फॉरवर्ड ब्लॉक काढला. इथं हरलेल्यांनी निकाल मानला नाही, एवढाच अर्थ काढला तर तो अपुरा राहील. निकाल मानला, जिंकलेल्याबरोबर काम करायला नकार दिला. गावाकडं याला ‘मत दिलं, पण हात दिला नाही’ असं म्हणता येईल.

दुसरी लढत १९५० ची, नाशिक अधिवेशनाआधीची. उमेदवार तीन: पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि शंकरराव देव. टंडनांमागं पटेल, कृपलानींकडे नेहरूंचा कल. देव तिसरे. टंडन १३०६, कृपलानी १०९२, देव २०२. अकरा वर्षांपूर्वी एकमताचा आग्रह धरणाऱ्या पत्रकावर सही करणारा माणूस आता तिरंगी लढतीत २०२ मतं घेऊन बसला होता. टंडन आणि कृपलानी यांच्यातलं अंतर २१४ मतांचं, हे लक्षात घेतलं की तिसऱ्या उमेदवाराच्या मतांचं वजन कळतं.

पुढचं वर्ष मनोमिलनाच्या नावाखाली ताणाताणीत गेलं. नेहरू टंडनांच्या कार्यकारिणीत आले, पण नाखुशीनं. डिसेंबर १९५० मध्ये पटेल गेले आणि तोल ढळला. कृपलानी १९५१ मध्ये बाहेर पडले आणि किसान मजदूर प्रजा पक्ष निघाला. सप्टेंबरमध्ये टंडनांनी राजीनामा दिला, नेहरू स्वतः अध्यक्ष झाले. यातली एक बारीकशी गोष्ट मला फार बोलकी वाटते. अध्यक्षपद सोडावं लागलेल्या टंडनांना नेहरूंनी कार्यकारिणीत यायची विनंती केली आणि टंडन आले. ते पक्षात राहिले, लोकसभेत गेले, १९६१ मध्ये त्यांना भारतरत्नही मिळालं. कृपलानींसाठी असं पान वाढून ठेवायला वेळेवर कोणी उठलं नाही. देव पुढं सर्वोदयाच्या वाटेनं गेले. तिघांपैकी पक्षात उरला तो एकच, आणि तो ज्याला जिंकून हरावं लागलं.

हे मनात ठेवून अमेरिकेकडे पाहिलं तर २००८ चं उदाहरण जास्त समजतं. बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची लढत जानेवारी ते जून चालली. दोघांनाही दीड-पावणेदोन कोटींच्या वर मतं. जूनच्या सुरुवातीला ओबामांचं पारडं पक्कं झालं आणि चारच दिवसांत क्लिंटननी वॉशिंग्टनमध्ये सभा घेऊन त्यांना पाठिंबा दिला. २७ जूनला दोघं पहिल्यांदा एकत्र प्रचारसभेत आले ते न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका छोट्या गावात. गावाचं नाव युनिटी, म्हणजे एकी. नावाची गंमत होतीच, पण खरी गंमत आकड्यात होती. प्राथमिक लढतीत त्या गावानं दोघांना समसमान, १०७ आणि १०७ मतं दिली होती. जिथं कोणीच हरलं नव्हतं अशी जागा शोधून काढणाऱ्या कार्यकर्त्याला माझा नमस्कार. आपल्याकडे मनोमिलनाचा मेळावा विजेत्याच्या मंगल कार्यालयात होतो, विजेत्याच्या मांडवात, विजेत्याच्या फ्लेक्सखाली. आणि मग नाराज मागच्या रांगेत का बसले म्हणून पत्रकार विचारतात.

पण युनिटीच्या फोटोमागं कोरडे व्यवहारही होते. क्लिंटन यांच्या मोहिमेवर मोठं कर्ज होतं. ओबामांनी आपल्या देणगीदारांना ते फेडायला मदत करा म्हणून सांगितलं. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यवार मतं मोजली जात असताना न्यूयॉर्कची पाळी आली आणि क्लिंटननी स्वतः उठून, मोजणी थांबवून ओबामांना एकमुखानं उमेदवार घोषित करावं असा प्रस्ताव मांडला. एकमत तेच, जे १९३९ च्या पत्रकाला हवं होतं. पण इथं ते लढतीच्या आधी मागितलं गेलं नाही. आधी मोजलं, मग हरलेल्या बाजूनं ते स्वतःच्या हातानं दिलं. निवडणूक जिंकल्यावर ओबामांनी क्लिंटनना परराष्ट्रमंत्री केलं. उपाध्यक्षपद नाही दिलं, पण दुसरं पानही हलकं नव्हतं.

तरी सगळे मतदार वळतात असं कुठंच होत नाही. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांना मत दिलेल्यांपैकी दर शंभरात बाराच्या आसपास लोकांनी नोव्हेंबरमध्ये ट्रम्पना मत दिलं, असं नंतरच्या मोठ्या मतदार-सर्वेक्षणात दिसलं. सँडर्सनी क्लिंटनना पाठिंबा दिला होता, सभाही घेतल्या होत्या. नेता वळला म्हणून त्याच्यामागचा माणूस वळतोच असं नाही, ही गोष्ट तिथलीही आहे आणि इथलीही.

इथल्या आकड्यांत ती अधिक उघडी दिसते. २०२३ ची चिंचवड पोटनिवडणूक घ्या. महाविकास आघाडीनं राष्ट्रवादीचे नाना काटे दिले, शिवसेनेतले राहुल कलाटे अपक्ष उभे राहिले. भाजपच्या अश्विनी जगताप ३६ हजार मतांनी जिंकल्या आणि कलाटेंना ४४ हजार मतं पडली. दोन आकडे शेजारी मांडले की पुढचं बोलायची गरज उरत नाही. कलाटेंची सगळी मतं काटेंना गेली असती असं मात्र मी म्हणणार नाही. बंडखोराची निम्मी मतं त्याची स्वतःची असतात, पक्षाची नव्हे. पुढच्याच वर्षी विधानसभेला आघाडीनं उमेदवारी दिली ती कलाटेंना. तेही पडले.

सांगलीत २०२४ ला याच्या नेमकं उलट घडलं. वसंतदादांचं घर, काँग्रेसचा परंपरेचा मतदारसंघ, आणि आघाडीच्या वाटपात जागा गेली उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे, पैलवान चंद्रहार पाटलांना. त्या घरातले विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. स्थानिक काँग्रेस व्यासपीठावर आघाडीची होती आणि गावात विशाल पाटलांची, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. निकाल: विशाल पाटील लाखाच्या फरकानं विजयी, चंद्रहार पाटलांना ६० हजारांच्या आसपास मतं. दोनच दिवसांनी विशाल पाटलांनी दिल्लीत काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं आणि ९९ वर थांबलेला पक्ष शंभरावर गेला. पक्षानं त्यांना बाहेर काढलंच नव्हतं, म्हणून आत घ्यायचा प्रश्न आला नाही. जिंकलेल्या बंडखोराचं मनोमिलन जगात सर्वांत सोपं.

अवघड असतं ते हरलेल्याचं, आणि त्याहून अवघड हरलेल्याच्या माणसांचं. नेत्याला विधान परिषद सांगता येते, महामंडळ सांगता येतं, जिल्हा बँक, कारखान्याचं संचालकपद. ‘शब्द दिला’ एवढ्यावर तो पाच वर्षं काढू शकतो. पण त्याच्यासाठी हिर्डोशी खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवर दुसऱ्या गटाशी वैर घेतलेल्या पोराचं काय? त्यानं चुलत्याशी बोलणं सोडलेलं असतं. दुसऱ्या गटाच्या सरपंचाच्या घरचं लग्न टाळलेलं असतं. त्याला व्हॉट्सॲपवर फोटो येतो: दोन नेते पेढा भरवताहेत. त्यानं आता काय करायचं? नेता वरून जुळला की खालच्यांनी जुळवून घ्यायचं, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात तो उरलेली निवडणूक ‘तब्येत बरी नाही’ म्हणून घरी बसून काढतो. विरोधात जात नाही, गद्दारीही करत नाही. फक्त मतदानाच्या दिवशी डोंगरावरच्या म्हाताऱ्यांना आणायला त्याची जीप निघत नाही. मुंबई-पुण्याला असलेल्या भावकीला ‘या’ म्हणून फोन जात नाहीत. वस्त्या विखुरलेल्या असतात तिथं निवडणूक या न निघालेल्या जीपवर ठरते, आणि ही नाराजी कुठल्याच सर्वेक्षणात दिसत नाही.

म्हणून जाणता उमेदवार तिकीट मिळाल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या लोकांकडे जात नाही. तो पडलेल्या इच्छुकाच्या गावातल्या त्या पोराच्या घरी जातो, ओटीवर बसतो, चहा घेतो आणि प्रचारप्रमुख म्हणून त्याचं नाव वहीत लिहितो, आपल्या माणसाचं खोडून. हे खोडणं महत्त्वाचं. नुसतं जादा नाव घालणं फुकटचं असतं. आपल्याकडचं पान काढून दिलं तरच समोरच्याला पटतं की यानं काहीतरी सोडलं.

भोरचा अलीकडचा इतिहास या सोडण्या-न-सोडण्याचाच आहे. अनंतराव थोपटे सहा वेळा आमदार, राज्यात मंत्री, मुख्यमंत्रिपदासाठी नाव घेतलं जाणारे. १९९९ ला काँग्रेस फुटली, शरद पवारांची राष्ट्रवादी निघाली, आणि भोरमध्ये राष्ट्रवादीचे काशिनाथ खुटवड यांच्याकडून थोपटे हरले. त्या पराभवाची सल थोपटे गटानं पुढं पंचवीस वर्षं जपली. मधल्या काळात दोन्ही काँग्रेस राज्यात एकत्र सत्तेत होत्या, लोकसभेला भोर बारामतीत होतं, अनंतरावांचे चिरंजीव संग्राम थोपटे २००९ पासून सलग तीन वेळा आमदार झाले. तरी घराघरातली ती अढी होतीच. २०१९ च्या अखेरीला मंत्रिमंडळात संग्राम थोपटेंना जागा मिळाली नाही तेव्हा समर्थकांनी पुण्याच्या काँग्रेस भवनात तोडफोड केली. डावललं जाण्याचा हिशेब इथं वडिलांकडून मुलाकडे चालत येतो.

मार्च २०२४ मध्ये शरद पवार अनंतराव थोपटे यांच्या घरी गेले. राष्ट्रवादी फुटली होती, सुप्रिया सुळे यांच्यासमोर सुनेत्रा पवार उभ्या राहणार हे दिसत होतं. इतक्या वर्षांनी पवार स्वतः उंबरठा ओलांडून आले, ही बातमी भोरमध्ये कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठी होती. त्याच महिन्यात शेजारच्या पुरंदरचे विजय शिवतारे बारामतीतून अपक्ष लढायची घोषणा करून, मुख्यमंत्री आणि दोन्ही उपमुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन मागं फिरले; आठच महिन्यांनी ते पुरंदरचे आमदार झाले. दोन समजुती, दोन बाजूंच्या. लोकसभेच्या निकालात सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी जिंकल्या. भोरनं त्यांना ४३ हजारांच्या वर आघाडी दिली, पुरंदरमध्येही त्याच पुढं होत्या. थोपटेंच्या जीपा निघाल्या होत्या. शिवतारेंच्या निघाल्या असतील, पण पुरेशा नाही.

मग नोव्हेंबर आला. विधानसभेला महायुतीत भोरची जागा अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेली आणि उमेदवारी याच मतदारसंघातल्या मुळशीच्या शंकर मांडेकरांना, जे त्याआधी ठाकरेंच्या शिवसेनेत होते. शिंदे गटाचे कुलदीप कोंडे आणि भाजपचे किरण दगडे दोघंही अपक्ष उभे राहिले. पुस्तकी गणितानं पाहायचं तर महायुती इथं तीन तुकड्यांत विभागली आणि आघाडी एकसंध होती, तेव्हा थोपटे सहज यायला हवे होते. आले नाहीत. दोन्ही बंडखोरांनी मिळून पन्नास हजारांच्या वर मतं घेतली, तरीही मांडेकर साडेएकोणीस हजारांनी जिंकले. मुळशीला आपल्या तालुक्याचा आमदार हवा होता, आणि ती भूक पक्षांच्या सगळ्या रेषा ओलांडून गेली. फुटलेली बाजू हरतेच असं समजणाऱ्यांनी भोरचा हा निकाल एकदा नीट वाचावा. एकी कशाभोवती होते हे पक्ष ठरवत नाही. कधी ती तालुक्याभोवती होते.

एप्रिल २०२५ मध्ये संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले. राजगड साखर कारखाना अडचणीत होता, आणि सत्तेच्या बाहेर राहून कारखाना चालवणं किती जड जातं हे या भागात शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. पण त्या प्रवेशानं एक गोष्ट झाली. ज्यानं हरवलं तो आणि जो हरला तो, दोघं आता एकाच महायुतीत आहेत. स्थानिक निवडणुकांत गणांची वाटणी, बाजार समिती, कारखाना यांवरून जे काही व्हायचं ते होत राहील, फलकावर फोटोंचा क्रम कोणाचा आधी यावरून फोन जातील. आणि २०२९ ला भोर विधानसभेची जागा एकच असेल, पहिलं पानही एकच.